बहिऱ्यांची विहीर

२ फेब्रुवारी २०२५, ओतूर

पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून दुकानाच्या गादीवर मी. पुण्याच्या लॅबमधून रजा घेतली; तिथं मी पेशी वाढवतो. मम्मी विचारते, "तुझ्या पेशींना तिकडे खायला कोण घालतं?" जशा काही गोठ्यातल्या म्हशी!

दुपारी आणे गावचे सावळाराम आले. पप्पांचं जुनं गिऱ्हाईक. सोबत मुलगी, भागू. दहाएक वर्षांची, जन्मापासून बहिरी. रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. सगळं दुकान दचकलं, तिची पापणीही हलली नाही. आणि थोड्या वेळानं, सगळं शांत असताना, तिनं झटकन मान वळवली. कुणीतरी मागून हाक मारल्यासारखी! ओठ पांढरे. हात छातीवर. मग बोटं पाखरासारखी फडफडवून कानाशी नेली.

"ऐकतीय ती," सावळाराम म्हणाले. "तेवढंच ऐकू येतं तिला. आमच्या गोरखलाबी यायचं."

गोरख कोण, ते विचारवलं नाही.

३ फेब्रुवारी

पप्पांनी सांगितलं. गोरख म्हणजे भागूचा थोरला भाऊ. तोही बहिरा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत विहिरीत उडी मारली, ती मारलीच. वर आला नाही. अख्ख्या गावात त्याच्यासारखं पोहणारं पोर नव्हतं! त्याच्या आधी सावळारामांचे चुलते, चिमाजी. तेही बहिरे. तीच विहीर.

"गाव म्हणतं, तिथल्या पाण्यात साती आसरा आहेत, जलदेवता," पप्पा म्हणाले. "त्यांची हाक ऐकू येणाऱ्यांना येत नाही. फक्त बहिऱ्यांना येते."

आम्ही देरासरात जाणारी जैन माणसं. तरी सांगताना पप्पांचा आवाज खाली गेला.

४ फेब्रुवारी

सकाळी दात घासताना हात जागीच थांबला.

बहिरेपण. पाण्यात मरण. आणि सावळारामांची बायको त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी – म्हणजे आईबाप दोघांकडून एकच दोष मुलांत उतरू शकतो.

अरे, हे तर माझंच काम! कानाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना एक बारीक दार असतं, पोटॅशियम सोडायचं. ते जन्मापासून बिघडलेलं असलं की कान बहिरा. आणि तेच दार हृदयातही असतं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय सावरतं ते त्याच्या जोरावर. दार बिघडलं की सावरायला उशीर होतो. त्या उशिरात पळणं, दचकणं, गार पाणी – हृदय ठोका द्यायचा सोडून नुसतं थरथरत राहतं.

लॅबमध्ये औषध घालून मीच ते दार कितीदा बंद केलंय. आलेख देखणा येतो म्हणून खूश झालोय. त्या आलेखाला भाऊ-बहीण असतील हे कधी मनातही आलं नाही.

५ फेब्रुवारी

आण्याला जाऊन आलो. पठारावर एरवी वारा कानात घुसतो, आज पान हलत नव्हतं. घराजवळच विहीर. बाभळीच्या फांद्या टाकून झाकलीय. काठावर शेंदूर लावलेले दगड, हिरव्या बांगड्या.

घरात सगळे कुजबुजत बोलतात. मला वाटलं पाहुणा आलाय म्हणून. भागूच्या आईला, शीलाताईंना, विचारलं.

"न्हाई, भाऊ. आमी गप असलो तर एखाद्या टायमाला आमालाबी ऐकू यील," त्या म्हणाल्या. "म्हंजी तिच्या आधी विहिरीपाशी जाऊन हुबं ऱ्हाता यील."

मीही आवाज खाली आणला.

भागूनं माझा हात धरून ओढला आणि स्वतःच्या पाठीवर ठेवला. ठोके नीट पडत होते. मग एकदम ठोके नाहीतच! नुसती थरथर. काड्यापेटीत कोंडलेला पतंग असावा तशी. क्षणभरच. पुन्हा ठोके सुरू झाले.

ती सगळा वेळ विहिरीकडे बघत होती.

६ फेब्रुवारी

सावळारामांना फोन केला, जमेल तसं समजावलं, भागूला हृदयाच्या डॉक्टरला दाखवू म्हणालो. भडकले.

"तुमी डॉक्टर ना?"

"त्यातला नाही, सावळारामभाऊ. मी पेशींवर काम करतो."

"मंग माझ्या पोरीचं तुमाला काय ठावं?"

मागून शीलाताईंचा आवाज – "एक पोरगं घालवलं गप बसून. जाऊ की एकदा."

८ फेब्रुवारी, नारायणगाव

भागूला अमृतच्या दवाखान्यात नेलं. शाळेतला मित्र, आता हृदयाचा डॉक्टर. ईसीजीचा कागद बाहेर यायला लागला आणि त्याची बडबड बंद झाली. दोन रेघांमधलं अंतर, म्हणजे हृदयाचा सावरायचा वेळ, भलतंच लांब. लॅबमधला माझाच आलेख – पण खाली नाव भागूचं!

"गोळी आजपासून," अमृत म्हणाला. "एकही चुकवायची नाही. पळणं बंद, पाणी बंद. पुढं पुण्याला नेऊन छातीत मशीन बसवायचं बघू."

सावळारामांनी तो कागद हातात घेऊन बघितला. मग – "म्हंजी गोरखला कुनी वढलं न्हाई?"

"नाही. हृदय बंद पडलं."

बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. टोपी काढून तोंडावर धरली. शीलाताई शेजारी नुसत्या उभ्या होत्या. भागू दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

१६ फेब्रुवारी, पुणे

शीलाताईंचा फोन. "पोरगी आता मान वळवत न्हाई, भाऊ. लई बरं झालं." त्या चक्क मोठ्यानं बोलत होत्या! लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

२१ फेब्रुवारी

पुन्हा फोन. पुन्हा कुजबुज.

भागू विहिरीच्या काठावर सापडली. बाभळीच्या फांद्या एकटीनं ओढून बाजूला केलेल्या, हातांना सगळीकडे काटे. चपला काढून उभी होती. सावळारामांनी मागून कवेत धरली. फ्रॉकच्या खिशात गोळ्या – सोमवारपासून एकही घेतलेली नाही.

"औषधानं काई हुत न्हाई, भाऊ. त्या आसरा सोडनार न्हाईत तिला."

पहिल्यांदाच वाटलं, खरंच तिथं काही असलं तर? उद्या जातो.

२२ फेब्रुवारी, आणे

भागूशी खुणांनी बोललो. शीलाताई मधे बसून अर्थ सांगत होत्या.

तिला कुणी बोलावत नाही. छातीतली ती फडफड – जन्मापासून तिच्याजवळ तेवढा एकच आवाज आहे. गोळी घेतली की तो येत नाही. गोरखनं शोधून काढलं होतं, उंचावरून गार पाण्यात उडी मारली की तो सगळ्यात मोठा येतो. सुट्टीत तो रोज ऐकायला जायचा. यंदा तिलाही शिकवणार होता.

समोर बसून तिनं गोळी गिळली. तोंड उघडून दाखवलं. मग मला खूण केली – आता मी काय ऐकू?