‘ते लोक तसं बोलतात’

सर, आज दुपारी आणखी एका विद्यापीठाचं उत्तर आलं. ‘योग्य उमेदवार आढळला नाही.’ दुसऱ्या कुणाला घेतलं असतं तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. जागा रिकामी ठेवली, पण मला दिली नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कुणी सुचेना.

मी भाषाविज्ञानात पीएचडी केली, हे तुम्हाला कळलंच नाही. विषय आपल्या जळकोटकडच्या मराठीतले कानडी शब्द. त्याचं मूळ तुमच्या वर्गात आहे. सहावीत माझ्या बाकावर एक मुलगी आली होती, सीमेपलीकडची, मामाकडं शिकायला राहिलेली. ती मराठी बोलताना अडखळायची आणि मी मधल्या सुट्टीत तिची नक्कल करून पोरींना हसवत होते. तुम्ही दारात उभे. ओरडला नाहीत. "तिला दोन भाषा येतात. तुला किती येतात गं?" मी खाली बघत म्हणाले, "एकच, सर." "मग हसायचं कुणी?" त्यानंतर मी तिच्याकडून रोज एक कानडी शब्द घ्यायला लागले. संध्याकाळी आई चुलीपुढं भाकरी थापत असायची, तिला तो म्हणून दाखवायचे. एखाद्या शब्दाला ती सहज म्हणायची, "ह्यो तर आमी बी म्हणतो की. त्यात काय नवं?" माझा सगळा प्रबंध त्या एका वाक्यावर उभा आहे, सर.

आणि आता अर्ज. आधी ऑनलाइन भरायचा, मग तोच छापून, साक्षांकित करून टपालानं पाठवायचा. इतकी वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, तर तो अनुभव धरत नाहीत. शिफारसपत्रं मागतात, ती देणारे फोन उचलत नाहीत. एका ठिकाणी मुलाखतीच्या आदल्या दिवशी पदच रद्द झालं. मी तोवर एसटीत बसलेही होते.

आजचं उत्तर ज्या जागेचं, ती तर बोलींच्या सर्वेक्षणाची होती. वाटलं, ही माझ्यासाठीच निघाली. मुलाखतीत एकानं विचारलं, "किती गावं फिरलात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "लई फिरले, सर." समोरचे चौघेही हसले. कडेचे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही स्वतःही असंच बोलता वाटतं?" आणि मी, सर, घाईघाईनं म्हणाले, "नाही, नाही. ते लोक तसं बोलतात. ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसलंय."

घरी आले तर आई वाटच बघत होती. "काय इचारलं गं?"

"आपण कसं बोलतो ते."

"मग?" तिचा चेहरा उजळला. "त्ये तर तुला येतंयच की!"

मी पाणी प्यायला आत गेले. त्याला महिना झाला. जागा गेल्याचा राग मी विद्यापीठावर काढते, आणि तो खराही आहे. पण मी काय उत्तर दिलं, ते आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही असता, सर, तर तुम्हालाही ‘मुलाखत बरी झाली’ एवढंच कळवलं असतं.