श्रीमंतीचा दाखला

ती. मामा,

नमस्कार. साष्टांग घालणार नाही, मी चिडले आहे.

दोन वर्षं अमेरिकेतली कॉलेजं चाळून मी एक शोधलं होतं, जे परदेशी मुलांनाही घरची परिस्थिती बघून फी माफ करतं. परिस्थिती जितकी बेताची, तितकी माफी जास्त. तुझ्याकडे फॉर्म दिला तो फक्त बाबांची सही घेऊन पाठवून द्यायला. आणि तू बसलास तो सुधारत! बाबांच्या इस्त्रीच्या टपरीचा 'लाँड्री उद्योग' केलास, तुझा फ्लॅट आमच्या नावावर दाखवलास, वर उत्पन्नाला एक शून्य जोडलंस. म्हणे, "परक्यांपुढे अब्रू कशाला घालवायची?" अरे, आम्ही गरीब आहोत हेच तर त्यांना सांगायचं होतं!

काल उत्तर आलं. प्रवेश दिलाय, माफी नाही. 'आपले कुटुंब संपूर्ण खर्च सहज पेलू शकते.'

बाबांना मी ते मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाले, "ते शेवटचं वाक्य परत वाच."

आज त्या कागदावर हलकी इस्त्री फिरवून त्यांनी तो टपरीत लावलाय, गिऱ्हाइकांना दिसेल असा.

चूक दुरुस्त करायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. खऱ्या आकड्याखाली बाबांचीच सही लागेल. नवा फॉर्म सकाळपासून माझ्या पिशवीत आहे. दोनदा टपरीपर्यंत जाऊन परत आले.

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू ते त्यांच्यासमोरच मोठ्याने वाचशील.

तुझी,
सगळा खर्च सहज पेलणारी भाची