पाईनखालच्या एक्केचाळीस अळंब्या

प्रिय रावीरी,

पर्थचा हा पत्ता तुझ्या बायकोनं दिला. फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणत ठेवून देतोस. कागद तसा ठेवून देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

शाळेची बस चालवणं मी उन्हाळ्यातच सोडलं. गुडघे ऐकेनात. पण घरात बसवेना, म्हणून बाबांच्या टेकडीवरच्या पाईनखाली उगवणाऱ्या अळंब्यांची यादी करायला घेतली. हसू नकोस. वाकून निरखायचं, टोपीखालच्या पातळ पडद्या मोजायच्या, वास घ्यायचा, कापल्यावर रंग बदलतो का ते बघायचं. मग टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाडगं झाकायचं. सकाळपर्यंत टोपीतून गळलेल्या बीजकणांच्या भुकटीचा ठसा उमटतो, त्याच्या रंगावरून अर्धी ओळख पटते. बाकीची शहरातल्या संग्रहालयातल्या बाई पटवून देतात. एका चिकट टोपीच्या जातीवरून आम्ही दोघी तीन आठवडे भांडलो. शेवटी त्यांनी मान्य केलं. आजवर एक्केचाळीस झाल्यात. बहुतेक सगळ्या या पाईनच्या मुळांना धरून परदेशातून आलेल्या.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे. काठी घेऊन मागे येतात आणि तोंड चालू ठेवतात. “मी जन्मभर झाडं लावली, आणि माझी पोरगी त्यांच्या पायाखालचा कचरा मोजते.” मी म्हटलं, “तुमच्या कचऱ्याला लॅटिन नावं आहेत, बाबा.” तर म्हणे, “मग त्यांनाच जेवायला वाढायला सांग.” पण परवा त्यांनीच एक नवी जात काठीनं दाखवली, आणि दिवसभर शेजारच्या आन्टी हूआटाला तेच सांगत बसले.

आईची कबर मी दर रविवारी झाडून येते. ती गेली तेव्हा तू आला नाहीस, त्याची कारणं मला सांगितलीस. बाबांना कधी सांगितली नाहीस. अकरा वर्षं झाली. जेवताना कुणी तुझं नाव काढलं की ते पातेल्यात बटाटा शोधायला लागतात.

आता खरी गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी कुंपणापलीकडे, आपल्या इथल्या मूळच्या तफाई झाडांच्या रानात, मला लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली ती विषारी अळंबी दिसली. पाईनखाली ती असतेच, यादीत चौथी. पण तफाईखाली? मी हातानं माती उकरली. तिचे तंतू तफाईच्या मुळांना घट्ट धरून होते. बाईंना नमुना पाठवला, त्यांनीही तेच सांगितलं. ती पाहुणी आता घरात शिरली आहे, आणि जिथं ती बसते तिथं आपल्या रानातल्या जुन्या अळंब्यांना जागा उरत नाही. मी रोज सकाळी बादली घेऊन जाते आणि टोपी उघडायच्या आत एकेक उपटते. काल छत्तीस निघाल्या. त्या पुन्हा येणार, हे मला माहीत आहे. बाई म्हणाल्या, एकदा शिरलेली पूर्ण जात नाही, पण कुंपणालगतची पाईनची ओळ तोडली तर नवा लोंढा तरी थांबेल. मी ठरवलंय, माझ्या हातापायात बळ आहे तोवर ती पुढे जाऊ द्यायची नाही.

करवतवाल्या माणसाशी बोलून झालंय. मंगळवारी यायला तयार होता. मी बाबांना सांगितलं. ते अंगणातल्या बाकावर बसून कुंपणाकडे बघत राहिले. मला वाटलं, आपण लावलेली झाडं म्हणून जीव तुटतोय. मग म्हणाले, “ती ओळ रावीरीची आहे. सतरा वर्षांचा होता. एकट्यानं लावली, मला हात लावू दिला नाही. त्याला विचारल्याशिवाय तोडायची नाही.” ‘रावीरी’ असं म्हणाले ते. तुझं नाव, त्यांच्या तोंडून. मी आत जाऊन भांडी घासत बसले, कारण दुसरं काही सुचेना. करवतवाल्याला मी नको म्हणून कळवलंय. तू हो म्हणशील, हे मला ठाऊक आहे, पण फोनवरचा होकार मी घेणार नाही, आणि पत्रातलाही नाही. तो बाबांना दे, त्यांच्यासमोर उभा राहून. ये आणि तुझी झाडं तू तोड. तोवर बादली घेऊन मी आहेच.

तुझीच, अजूनही तुझ्यापेक्षा हट्टी बहीण,
मेरेआना