यादीतला बंद पत्ता

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलं असशील, तर आतापर्यंत तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. पडू दे. उभ्या उभ्या वाचत असशील तर खुर्ची ओढून घे, पत्र लांबणार आहे. मी मात्र बसून लिहीत नाहीये. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, आतल्या खोलीतलं कपाट उघडून स्क्रीनवर काही नवीन आलंय का ते बघायचं आणि परत येऊन पेन शोधायचं, असं सकाळपासून चाललंय. पेन दर वेळी कानावरच सापडतं.

कपाट तेच आहे. खालच्या कप्प्यात चादरी आणि वरच्या कप्प्यात तू बसवलेला तो छोटा कॉम्प्युटर, ज्याला तू पोस्टमास्तर म्हणायचास. त्याचा पंखा हल्ली म्हाताऱ्यासारखा घरघरतो, पण बिचारा काम सोडत नाही आणि चादरी फुकटात उबदार ठेवतो. आपल्या रक्तगटाच्या माणसांची यादी अजून त्याच्याच पोटात आहे. आई रक्तपेढीत कामाला होती म्हणून आपली बोटं टोचली गेली, आणि रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये ज्या गटाची पिशवी कधीच नसते तो नेमका आपल्या दोघांचा निघाला. आईने त्या दिवशी आपल्याला रस्ता ओलांडून झाल्यावरसुद्धा हात सोडू दिला नव्हता. नंतर तिने शोधून शोधून याच गटाची माणसं जमवली, ती गेल्यावर यादी आपल्याकडे आली, आणि तू एका सुट्टीत बसून त्या यादीचं ॲप्लिकेशन करून टाकलंस. हॉस्पिटलने त्यात गरज लिहून भरायची, पोस्टमास्तरने सगळ्यांना मेल पाठवायचा. तेव्हा मी तुझं फार कौतुक केलं नाही, कारण तू स्वतःच ते पुरेसं करत होतास.

आईचे नियम तुला पाठ आहेत, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अडलंय. रक्तासाठी कुणाला फोन करायचा नाही. फोनवर माणूस कोंडीत सापडतो, आणि ज्याला नाही म्हणायचंय त्याला नाही म्हणायला जागा हवी, असं ती म्हणायची. रुग्णाचं नाव कुणाला सांगायचं नाही, नाहीतर देणारा ओळख काढत बसतो. आणि ज्याने एकदा मला कळवू नका म्हटलं, त्याला पुन्हा विचारायचं नाही, कधीच नाही. पोस्टमास्तरच्या प्रत्येक मेलखाली तू त्यासाठी एक बटण ठेवलंस ते याच नियमामुळे.

तर आत्ता एक गरज आली आहे. पोटाचं ऑपरेशन आहे, महिनाअखेरीला, दोन पिशव्या हव्यात. एरवी असं काही आलं की पहिली पिशवी माझी असायची. या वेळी मला देता येणार नाही, ते का ते शेवटी सांगते. घाई करून शेवटचं पान आधी वाचू नकोस. लहानपणी रहस्यकथांचं तू असंच वाटोळं करायचास आणि वर मला खुनी कोण ते सांगायचास.

गरज भरली, बटण दाबलं, आणि मेल गेले. म्हणजे गेले असं पोस्टमास्तर म्हणतो. मेल जाणं आणि मेल पोहोचणं यात केवढं अंतर असतं ते तू घर सोडून गेल्यावर माझं मला कळत गेलं. तू सुरुवातीला आपलं स्वतःचं पोस्ट ऑफिस घरातच थाटलं होतंस, आठवतं? कुणाचे उपकार नकोत, म्हणे. पण घरातून निघालेल्या मेलवर मोठ्या कंपन्यांचा काडीचा विश्वास नाही. आपले मेल लोकांच्या नको असलेल्या ढिगात, लॉटरी लागल्याच्या आणि टक्कल जाण्याच्या मेलांच्या मधोमध पडायचे. यादीतल्या आपल्या घड्याळजींना एक गरज अशीच पंधरवड्याने दिसली. मग इंटरनेटवाल्याने ती वाटच बंद केली, तेव्हा मी माझा साधा मेलचा पत्ता पोस्टमास्तरला वापरायला दिला. महिनाभर सुरळीत चाललं. एक दिवस कंपनीला शंका आली की ही बाई कपाटातून इतक्या जणांना एकदम काय लिहिते, आणि त्यांनी मलाच माझ्या खात्याबाहेर काढलं. चष्म्याच्या दुकानात काचा घासता घासता मी फोनवर सिद्ध करत होते की मी मीच आहे. समोरचं गिऱ्हाईक एक डोळा मिटून अक्षरं वाचायचं सोडून माझंच ऐकत बसलं होतं.

फोनवर थेट घंटी वाजवणारं एक ॲपही लावून पाहिलं. घड्याळजींचा फोन बटणांचा, आणि बाकीच्यांना घंटी म्हणजे फोनच वाटला. आईचा नियम मागच्या दाराने मोडतोय असं वाटून मी ते काढून टाकलं. शेवटी मधला माणूस गाठला. अशा कंपन्या असतात, आपण त्यांना मेल द्यायचा, त्या आपल्या नावाने आणि त्यांच्या वजनाने तो पोहोचवतात. त्यासाठी आपलं नाव आपलंच आहे हे पटवून द्यावं लागतं. इकडची लांबलचक ओळ तिकडे चिकटवायची आणि वाट बघायची. तू ते चहा गार व्हायच्या आत केलं असतंस. मला सगळा रविवार लागला, आणि स्क्रीनवरची खूण हिरवी झाली तेव्हा अभिमानाने सांगायला घरात कुणी नव्हतं. मी चादरींना सांगितलं.

पहिल्या मधल्या माणसाने दुकान गुंडाळलं तेव्हा मी यादी दुसऱ्याकडे हलवली. तो चोख आहे. कोणता मेल पोहोचला, कोणता परतला, सगळं दाखवतो. कुणी उघडला तेही दाखवायला तयार होता, ते मी बंद करून घेतलं. लोकांच्या खांद्यावरून डोकावायचं कशाला? तेव्हा या खेपेचं असं. घड्याळजी आता वयामुळे देऊ शकत नाहीत, पण त्यांनी कळवताना मला वाईट वाटू नये म्हणून चार ओळी हवापाण्याच्या घातल्या. गाण्याच्या बाईंना नुकतीच कावीळ होऊन गेली. बँकेतल्या मुलीला दिवस गेलेत, तिचं 'नाही' तर आनंदाचंच आहे. औषधाच्या दुकानातल्या काकांनी मात्र अर्ध्या तासात हो म्हटलं. एक पिशवी झाली. बाकीच्यांचे पत्ते एक तर लांबचे, नाहीतर गप्प. डॉक्टर एका पिशवीवर हात लावायला तयार नाहीत, आणि ऑपरेशन पुढे ढकलण्यासारखं उरलेलं नाही.

आणि मग तुझा पत्ता. तुझ्या पत्त्यापुढे नवा मधला माणूस एकच शब्द दाखवतो, बंद. म्हणजे तुला मेल जातच नाही, पोस्टमास्तर देतो आणि तो वाटेतच ठेवून घेतो. बंद दोन प्रकारे होतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एक तर माणसाने खालचं बटण दाबून मला कळवू नका म्हटलेलं असतं, नाहीतर कधीतरी त्याची पेटी भरलेली असते, मेल परत येतो आणि यंत्र आपणहून तो पत्ता वगळतं. आपल्या जुन्या मधल्या माणसाकडे त्यापुढे कारणाचा रकाना होता, पण तेव्हा मी तो कधी पाहिला नाही. यादी हलवताना पत्ते आले, कारणं आली नाहीत. तुझ्यापुढचा रकाना कोरा आहे. जुन्याचं दुकान बंद, विचारायला माणूस नाही. मी त्या कोऱ्या जागेकडे इतकं बघितलंय की आता डोळे मिटले तरी ती दिसते.

तू गेल्यापासून जितक्या गरजा आल्या त्यातल्या एकीलाही तुझं उत्तर नव्हतं. मी धरून चालले होते की तू मुद्दाम करतोयस. निघताना तू म्हणालास ना, की ताई, तुला माणसांपेक्षा यादी प्यारी आहे, दे ती कुणा मोठ्या संस्थेला आणि मोकळी हो. मी म्हटलं, लोकांनी आपल्या भरवशावर नावं दिलीत, ती मी कुणाच्या गळ्यात बांधणार नाही. त्यावर दार जरा जोरात लागलं. ते मुद्दाम की वाऱ्याने, तेही मला कळलेलं नाही. आपल्या घरात रुसलेल्याने आधी बोलायचं नाही, हे तू अगदी मनापासून पाळलंस आणि मीही काही कमी पडले नाही. आता मला असं वाटतं की कदाचित तुझी पेटी एक दिवस भरली होती, बस्स, तेवढंच. तूही तिकडे म्हणत असशील की ताईने माझं नाव यादीतून उडवलं. आणि मग वाटतं, नाही, त्याने दाबलंच असणार, चांगला घट्ट अंगठा ठेवून. अशी मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत करतेय. मधल्या माणसाच्या पानावर तुझ्या पत्त्याशेजारी 'बंद काढा' असं लिहिलेलं एक छोटं बटण आहे. मी त्यावर कितीदा बाण नेऊन ठेवला. एकदा दाबलं की मेल तुझ्यापर्यंत येईल. पण तू नको म्हटलं असशील तर? मग मी आईचा तो नियम मोडणारी पहिली ठरेन, आणि तेही स्वतःच्या सोयीसाठी. हात मागे घेते, कपाट लावते, पुन्हा उघडते.

फोनचा प्रश्न नाहीच, तो नियम तर सगळ्यात जुना. म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही. ते न फोडता टेबलावर पडू देता येतं, फाडता येतं, आणि तू ते उघडलंस की नाही हे मला कुणी येऊन सांगणार नाही. तुला नाही म्हणायला अख्खी जागा आहे.

आता शेवटचं. गेल्या हिवाळ्यापासून जिना चढताना मी मधल्या वळणावर थांबते. शेजारीण विचारते तेव्हा किल्ली शोधतेय असं सांगते. दुकानाच्या मालकांनी परवा माझ्यासाठी पाठ असलेली खुर्ची आणली आणि कारण विचारलं नाही, तेव्हा मी आत जाऊन रडून घेतलं. डॉक्टर म्हणतात गाठ साधी दिसते, पण रक्त इतकं गेलंय की स्वतःचं आधी काढून ठेवायचीही सोय राहिलेली नाही. आईचा एक नियम मी आज मोडते, रुग्णाचं नाव न सांगण्याचा; नको म्हणणाऱ्याला पुन्हा न विचारण्याचाही मोडतेय का, ते तुलाच माहीत. या गरजेतली रुग्ण मीच आहे. मला भीती वाटतेय, धाकट्या, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. 'बंद काढा' मी दाबलेलं नाही, दाबणारही नाही. पोस्टमास्तरचा पासवर्ड तोच आहे, आईने आपल्याला हाक मारायची ती दोन नावं, आधी तुझं, मग माझं. तू तिकडून आत जाऊ शकतोस, मधल्या माणसाचं पानही तिथूनच उघडतं. पिशवी द्यायची की नाही ते तुझं तू ठरव, मी विचारलंय आणि पुन्हा विचारणार नाही. पण आत गेलास तर तो कारणाचा रकाना तेवढा भर. ऑपरेशनला जाण्याआधी मला कळू दे, ते तू दाबलं होतंस की पेटी भरली होती.

तुझीच, रुसलेली असूनही आधी बोललेली,
ताई