नवरीच्या बापाचं भाषण

३ मे
ऐलीचा फोन. पुढच्या महिन्यात लग्न, तळ्याकाठच्या हॉलमध्ये. म्हणाली, "बाबा, भाषणाचं टेन्शन घेऊ नका. तुम्हाला घाम फुटतो. क्लेटन बोलेल दोन शब्द." क्लेटन म्हणजे तिच्या आईचा दुसरा नवरा. पोर किती काळजी करते माझी! बोलणार मीच. प्रश्न फक्त घामाचा.

९ मे
घाम बंद करणारा जालीम रोल-ऑन आणला. काखेत लावला. कपाळालाही.

१० मे
कपाळाचा टोमॅटो. औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, "कपाळाला लावा असं कोणी सांगितलं होतं?" लावू नका असंही कोणी सांगितलं नव्हतं.

२४ मे
रंगीत तालीम. आमच्या कागद गिरणीतल्या विल्फच्या निरोप समारंभाला बोललो. तिसऱ्या वाक्याला शर्ट पाठीला चिकटला. नाकावरून थेंब माइकवर. विल्फ ओरडला, "रेनो, लेका, तळ्यातून थेट आलास काय?" सगळे खो खो हसले. म्हणजे भाषण रंगलं. उकाडा फार होता.

२ जून
कॉफी बंद. बीअर बंद (शनिवार सोडून). काळा शर्ट घेतला, ओल दिसत नाही. भाषण पाठ. ऐली माझे बूट घालून बर्फात चालायची, ती गोष्ट आहे. नऊ वर्षांची होईतो सगळं आहे. मग ती आईबरोबर गेली, म्हणून पुढचं थोडक्यात.

१२ जून
ऐलीने टेबल कळवलं. शेवटचं, दाराजवळ. हवेशीर! सगळा विचार केलाय पोरीने.

२१ जून
लग्न लागलं. जेवणानंतर माइकवाला म्हणाला, "आता नवरीचे वडील बोलतील." मी उठलो. पलीकडे क्लेटनही उठला. मला बघून बिचारा परत बसायला लागला. ऐलीने त्याचा हात धरला. "तू बोल ना." मला ती 'तुम्ही' म्हणते. आदर आहे.

मी खुर्ची सरकवली, जणू बाहेरच निघालो होतो.

दारातून ऐकलं. तिचा मोडलेला हात, गाडी शिकवणं, कॉलेजला सोडून परतताना तो वाटेत थांबून रडला ते. चांगलं बोलला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

नंतर ऐली बाहेर आली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला राग नाही ना आला?" म्हटलं, छे गं, सुटलो.

गाडीत बसून अख्खं भाषण म्हटलं. कुठेही अडखळलो नाही. तोंड ओलं झालं होतं.

घाम नव्हता तो.