तू शिवलेला माझा डावा खांदा

ए अक्का,

तू गेलीस त्याला वर्ष झालं. दिवसकार्याला मी फार रडले नाही म्हणून तुझ्या गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग आता रडत लिहितेय का? छे! मी चिडलेय. आणि भांडायला तू समोर नाहीस, म्हणून सातवीपर्यंत शिकलेलं सगळं गोळा करून हे पत्र. चुका काढू नकोस हं. तू तर चौथीतच शाळेतनं पळालीस!

काल हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीचे दोन एक्सरे शेजारी शेजारी लावले. एक सहा महिन्यांपूर्वीचा, एक कालचा. पाठीचं ऑपरेशन करायचं की नाही, ते त्यावर ठरायचं होतं. काय ठरलं ते शेवटी सांगीन. तुला दम निघत नाही, मला माहीत आहे. बस तशीच! आधी भांडण.

तू गेल्यावर माझी पंचाईत झाली. चाळीस वर्षं माझा एकेक ब्लाउज तू शिवलास, जुन्या हुबळीतल्या त्या दोन हात रुंद दुकानात. आता दुसरा शिंपी शोधणं आलं. माझी लेक रेखा मला केशवापुरात तिच्या घराजवळच्या मास्तरांकडे घेऊन गेली. मापाला म्हणून तू शिवलेला ब्लाउज दिला. मास्तरांनी तो उलटा केला, टेबलावर पसरला, मधोमध दुमडला. दोन्ही अर्धे एकमेकांवर बसेनात! उजवी पाठ मोठी, डावी लहान. डाव्या खांद्यात कापसाची गादी.

"हा कुणी शिवला?"

"माझ्या अक्कानं. चुकलाय होय?"

"चुकला नाही ताई. अंगावर बरोबर बसतो ना? मग कारागीर पक्की होती. तुमची पाठच दोन मापांची आहे."

मी म्हटलं, "मग दोन अर्धे अर्धे शिवा." हसला नाही गं तो माणूस. घडी करून ब्लाउज माझ्या हातात दिला. "आधी डॉक्टरला दाखवा. मग शिवतो."

बघ! ज्यानं माझी पाठ बघितलीसुद्धा नाही, त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. आणि तू? चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून गप्प!

एक्सरे बघितला तर माझा कणा आपल्या गावाहून अळणावरला जाणाऱ्या रस्त्यासारखा. आधी उजवीकडे वळण, मग डावीकडे. स्कोलिओसिस म्हणतात त्याला. रेखा तिथंच म्हणाली, "आई, ऑपरेशन करून टाकू." डॉक्टर म्हणाले, घाई नको. पायांत ताकद आहे, लघवीचा त्रास नाही. या वयात व्यायामानं कणा सरळ होणार नाही, पण दुखणं कमी होऊ शकतं. वाक वाढतोय की थांबलाय, ते आधी कळायला हवं. "जुना एक्सरे आहे का?"

कुठनं असणार? आठवतंय का, रेखा कॉलेजात असताना माझी पाठ नुसती आगीसारखी पेटायची. इथं धारवाडला माझ्या खानावळीत सप्तापुरातली पोरं ताटं घेऊन बसलेली आणि मी दहा भाकऱ्या थापल्या की भिंतीला टेकायची. रेखानं दवाखान्याला न्यायला रिक्षा बोलावली. तू दारात बसलीस, दगडासारखी.

"कापतील तुला. लोखंडाच्या सळ्या घालतील. मग खानावळ कोण चालवणार, तुझा नवरा?"

"अगं, पण दुखतंय."

"वय झालं की सगळ्यांची दुखते."

रिक्षा परत गेली. आणि मी येडी, तुझं ऐकलं! तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तुझी का नाही दुखली गं? तेव्हा एक्सरे काढला असता, व्यायाम सुरू झाला असता. ऑपरेशनशिवाय काही असतं, हे तुला ठाऊक नव्हतं. कबूल. पण कुणाला विचारायचं तरी होतंस!

पहिली गादी तू मला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा शिवलीस. म्हणालीस, "कळशी वाहून वाहून तुझा डावा खांदा उतरलाय, जरा भर देते. पदर दोन्ही खांद्यांवरनं घे, शोभतं." मला खरंच वाटलं. लग्न झालं. तो ब्लाउज दोरीवर वाळायचा तेव्हा सगळा वाळला तरी कापूस ओलाच. आमचे हे हात लावून बघायचे आणि म्हणायचे, "सुमे, थांब. तुझा खांदा अजून वाळला नाही." त्यांना चालत होता गं माझा खांदा. तू कुणापासनं लपवत होतीस एवढं?

फिजिओथेरपीला वीणा म्हणून एक पोरगी आहे, धारवाडचीच. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलते. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या पाठीचा फोटो काढून मोबाईल माझ्यासमोर धरला. एकसष्ट वर्षांची झाले, अक्का, तेव्हा माझी पाठ मला पहिल्यांदा दिसली. उजवीकडे उंचवटा, डावीकडे खळगा. तुला ती पाठ होती, मला नव्हती!

मग सुरू झाली माझी शाळा. आरशासमोर उभं राहायचं. कमरेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन कुशीवर झोपायचं. डाव्या खळग्यात श्वास भरायचा. मी म्हटलं, "श्वासाला तिथला पत्ता कोण सांगणार?" ती खिदळते. "सावकाश, अम्मा, सावकाश." खानावळीत येऊन तिनं माझा पाट उचलायला लावला, शेगडी कट्ट्यावर चढवली. आता मी उभ्यानं भाकरी थापते. पोरं म्हणतात, "मावशी, एकदम हॉटेल झालं की!" मी म्हणते, "तर! आता भाजीला मीठ मागायचं नाही."

एकदा वीणानं विचारलं, "अम्मा, जुना एखादा पाठमोरा फोटो?" मी म्हटलं, "फोटो नाही. ब्लाउज आहेत." ट्रंकेतनं तू शिवलेले अकरा ब्लाउज काढून नेले. बघायला आले होते तेव्हाच्यापासनं शेवटच्यापर्यंत ओळीनं मांडले. तिनं प्रत्येकाची उजवी पाठ आणि डावी पाठ मोजली. पहिल्यात अर्ध्या बोटाचा फरक. रेखा झाली त्यानंतर एक बोट. हे गेले त्या साली अडीच. आणि पुढचे सगळे अडीचच.

वीणा उड्या मारायची बाकी राहिली. "हा काही एक्सरे नाही हं अम्मा. पण वाक बहुतेक थांबलाय. डॉक्टरांना सांगू, आणि सहा महिने जोर लावू."

ती खूश, आणि माझं डोकं फिरलं. अडीच बोटं! म्हणजे वाढत होतं ते तुला दर खेपेला कळत होतं. टेप तुझ्या हातात होती. दर खेपेला कापड वाढवलंस, गादी जाड केलीस, आणि मला म्हणालीस, "जाडी झालीस गं सुमे." जाडी! मी भात सोडला होता त्यापायी, माहीत आहे?

आणि वाढायचं थांबलं तेव्हा? एकटीच खूश झालीस का? तेवढं तरी सांगायचंस की. मीही झाले असते.

शेवटच्या ब्लाउजची शिवण वेडीवाकडी आहे. तेव्हा तुला सुईचं नाक दिसत नव्हतं. मी दुकानात सगळ्यांसमोर हसले होते, "अक्का, शिवण दारू पिऊन मारलीस का?" तू मान खाली घातलीस. त्या वाकड्या शिवणीतसुद्धा फरक अडीच बोटंच आहे, मी पुन्हा मोजला. ते हसणं मागे घेते. तेवढंच. विरघळेन असं वाटलं होय? नाव नको.

आता ऐक. दोन्ही एक्सरे सारखे निघाले. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नको. दुखणं किती आहे?" मी म्हटलं, "आहे, पण चाळीस भाकऱ्या झाल्यावर येतं." रेखा रिक्षात बसल्यावर रडली. मी नाही. वीणानं मात्र निघताना बजावलंय, व्यायाम सोडायचा नाही, अगदी मरेपर्यंत.

श्वास हळूहळू सोडायचा असतो, तोंडानं, आवाज करत. नुसता आवाज मला जमत नाही. मी म्हणते, "सांगायचं होतंस." एका श्वासात बरोबर बसतं. तेव्हा अक्का, वचन देते. रोज सकाळी सहाला, डाव्या कुशीवर झोपून, मी तुझ्याशी भांडीन. सणाला, सुतकाला, ताप असला तरी. एक दिवस खाडा नाही. तिथं कान झाकून घेतलेस तरी ऐकू येईल, एवढा श्वास आता माझ्यात भरतो.

तुझ्यावर चिडलेली,
तुझी सुमी