मला उन्हाळ्यात न्या

१४ डिसेंबर, रविवार
पुरवणीचा लेख तपासून वेळेत पाठवला. घरी मात्र नाश्त्यालाच जुना वाद. सासूबाईंना गावी, संगमेश्वरला, परत जाऊन एकटं राहायचंय. गुडघे आखडल्यापासून त्या आमच्याकडे मस्कतला, माबेलात आहेत आणि निनाद सोडायला तयार नाही. आज त्याने अटच घातली. "आई, जमिनीवर बस आणि कोणाचा हात न धरता उठून दाखव. त्याच दिवशी तिकीट."
"कबूल. मग मला उन्हाळ्यात न्या."
हे महिनाभर चाललंय. नि. म्हणाला, "अगं, इथे जूनमध्ये कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. कुठे नेऊ?" मीही मान डोलावली. त्यांनी आम्हा दोघांकडे असं पाहिलं, की चहा गार झाला.

१६ डिसेंबर, मंगळवार
खालच्या मजल्यावरच्या जुबेदाचाची घावन घेऊन आल्या. दापोलीकडच्या. त्यांची आणि सासूबाईंची गट्टी आहे: मासे, नारळ, सांधे.
चाची मला म्हणाल्या, "वहिनी किती दिस सांगतायत, उन्हाळ्यात न्या. नेत का नाय?"
"चाची, उन्हाळ्याला अजून चार-पाच महिने आहेत."
दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. चाचींना ठसका लागला. "ऋतू नाय गो! उन्हाळं! गरम पान्याचं! आमच्या उन्हवऱ्याला हाय तसं. हितं रुस्ताकला हाय, मीच सांगितलंय वहिनींना."
आम्हा पुणेकरांचं गरम पाण्याचं कुंड, ते कोकणात उन्हाळं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे शब्द तपासून पोट भरतेय, आणि घरातला एक शब्द...
नि.ला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "अरे देवा. तुरळचं उन्हाळं. लहानपणी तिथेच तर आंघोळीला जायचो." ओमानात तसं काही असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार
रुस्ताक. चाचीही बरोबर. बरकाला आत वळलो, पुढे डोंगर, खजुराची झाडं, किल्ला. गावाला कशाचीच घाई नाही. ऐन अल-कस्फा या गरम झऱ्याचं पाणी पाटातून वाहतं, बायकांना वेगळा आडोसा. गंधकाचा वास आला आणि सासूबाई गाडीतच म्हणाल्या, "हेच."
पाय घातला. "पोळलं गो!" शेजारची ओमानी बाई हसली. "शुवय शुवय, मामा." म्हणजे हळूहळू.
सासूबाई माझ्या कानात, "मला मामा म्हणते ही. मिशा आल्यात काय मला?" चाचींनी समजावलं, इकडे म्हातारीला मामा म्हणतात, आईसारखं. तरी नंतर पाण्यात बसून सासूबाईंचंच तिला सारखं "बरं मामा, बरं मामा" चाललं होतं.
निघताना सतरंजीवर प्रयत्न. बसल्या. उठताना अर्ध्यावर अडकल्या. नि. धावला.
"हात धरलास. खलास," तो म्हणाला.
"तू धरलास. मी मागितला नव्हता."

२२ डिसेंबर, सोमवार
फिजिओ सरळ बोलली. गरम पाण्याने सैल वाटेल, पण उठवणार ते मांडीचे स्नायू. रोज खुर्चीवरून उठबस करा. तेव्हापासून दुपारभर खुर्ची कुरकुरते. लेख अर्धाच झालाय. तक्रार नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार
पुन्हा रुस्ताक. आज प्रयत्नच केला नाही. "शुवय शुवय," असं नि.ला ऐकवलं. लेक रेवा आजीचे पाय दाबत होती. "आजी, तुझा गुडघा आता सॉफ्ट झाली." व्याकरण मी सुधारलं नाही. आजी इतकी खूश, की...

९ जानेवारी, शुक्रवार
उठल्या!
पाण्यातून आल्या, केस पुसले, सतरंजीवर मांडी घातली. मांडी! घावन खाल्लं. मग एक गुडघा टेकवला, एक पाऊल रोवलं, दोन्ही तळवे मांडीवर. नि. पुढे झुकला, चाचींनी त्याचा शर्ट मागून धरून ठेवला. आणि त्या सरळ उभ्या. पदर नीट करत.
शेजारच्या चटईवरच्या बायकांनी जीभ हलवून तो त्यांचा लग्नातला आनंदाचा चीत्कार केला. सगळी खजूरबाग दणाणली.
"लग्न कोणाचं आहे?" सासूबाई म्हणाल्या.
नि. म्हणाला, "आई, एकदा उठलीस म्हणजे..." त्याचं वाक्य पुरं होईतो त्या परत खाली बसून परत उभ्या. "अजून बघायचंय?"
तो गाडीकडे गेला. आला तेव्हा डोळे लाल. चाचींनी सगळ्यांना हलवा वाटला. येताना गाडीत सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, राणीसारख्या. रस्ताभर ओव्या. मला एकही येत नाही याची पहिल्यांदा लाज वाटली.

१० जानेवारी, शनिवार
सकाळी न्हाणीकडे जाताना त्यांनी भिंत धरली. नि.ने पाहिलं. त्याने पाहिलं हे त्यांनी पाहिलं.
दुपारी तो लॅपटॉप घेऊन बसला, मस्कत-मुंबई. सासूबाई खाली फरशीवर, लसूण सोलत.
"रिटर्न काढू ना?"
"जायचं तेवढं काढ."
"आई, गरज पडली तर..."
"तर तेव्हा बघू."
त्याने अजून बटण दाबलेलं नाही. लसूण केव्हाच सोलून झालाय. तो खुर्चीत, त्या जमिनीवर. मी दारात उभी आहे. त्या उठतील तेव्हा हात पुढे करणार नाही.